दहनकर्म आणि विद्युद्दाह : एका शब्दसाम्याची छाननी

जुन्या वैद्यकाच्या पोथ्या व सुटीं पानें जमविणाऱ्या मंडळींच्या हातीं 'अग्निकर्म' या विषयावरील मजकूर वारंवार येतो. त्या मजकुरास यादींत टीप जोडतांना दोन प्रकारचे टिपणकार आढळतात. पहिल्यानें असें ऐकिलेलें असतें कीं, आजच्या शस्त्रक्रियागृहांत शल्यवैद्य विजेच्या योगानें वाहतें रक्त थांबवितात व रोगट मांस जाळून टाकितात. सबब 'ही विद्या आमच्या पूर्वजांस अवगत होती' असें एक वाक्य तो पानाच्या वर्णनाखालीं लिहून मोकळा होतो. दुसऱ्यास खेड्यापाड्यांत पोरांच्या पोटावर दिलेले डाग ठाऊक असतात. म्हणून अग्निकर्म म्हणजे निव्वळ अडाणीपणा असें ठरवून तो तें पान बाजूस सारितो. दोघांचीही भिस्त एकाच गोष्टीवर असते, ती ही कीं 'जाळणें' हा शब्द दोन्हीकडे सारखा आहे. शब्द सारखा असला म्हणजे वस्तूही सारखी असते काय, याची छाननी केल्यावांचून पोथीचें मोल ठरवितां येत नाहीं. तशी छाननी करण्याकरितां प्रस्तुत लेखांत प्राचीन दहनकर्म व आधुनिक विद्युद्दाह यांचा क्रमवार विचार केला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, दोहोंचा हेतु एक आहे व परिणामही पुष्कळ अंशीं एक आहे. परंतु उष्णता उत्पन्न होण्याचें स्थान दोहोंत अगदीं निराळें आहे, आणि भेदाचें सर्व मर्म त्या स्थानांत आहे.

१. सुश्रुतसंहितेंतील दहन

प्रथम सुश्रुताचें म्हणणें पाहूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील बारावा अध्याय अग्निकर्माचा व चौदावा अध्याय रक्ताच्या वर्णनाचा आहे. संहितेचा काळ वादग्रस्त असला तरी ग्रंथाच्या प्राचीनत्वाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. काठमांडू येथील कैसर ग्रंथालयांत इ. स. ८७८ मध्यें लिहिलेली तिची ताडपत्रावरील पोथी आहे. डल्हणाच्या टीकेसह यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संशोधिलेली आवृत्ति मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९१५ सालीं प्रसिद्ध केली, ती अभ्यासकांच्या परिचयाची आहेच.

चौदाव्या अध्यायांत फार वाहणारें रक्त आवरण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन व दहन. तुरट द्रव्यांनीं व्रण जुळून येतो तें संधान. थंडाव्यानें रक्त थिजतें तें स्कंदन. भस्मानें साधतें तें पाचन. आणि दाहानें शिरा आकसतात तें दहन. पहिले तीन उपाय यथाविधि करून पाहावे व ते निष्फळ झाले म्हणजेच दाहाकडे वळावें, असा तेथील क्रम आहे. यांत दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. दहन हा प्रथमोपाय नसून अखेरचा उपाय मानिलेला आहे, ही एक. दुसरी अशी कीं, दहनाचें कार्य सांगतांना ग्रंथकारानें 'मांस जळतें' असें न म्हणतां 'शिरा आकसतात' असें म्हटलें आहे. म्हणजे त्याची दृष्टि ज्वालेवर नसून रक्तवाहिनीच्या तोंडावर आहे. आधुनिक शारीरविद्येनें हें निरीक्षण खरें ठरविलें आहे. रक्तवाहिनीच्या भिंतींत चिवट तंतूंचें विणकाम असतें. पुरेशी उष्णता लागतांच ते तंतु आखडतात, वाहिनीचें तोंड अरुंद होतें, व आंतील रक्त गोठून तें बुजतें.

बाराव्या अध्यायांत दाहाचीं साधनें स्थानपरत्वें वांटून दिलीं आहेत. त्वचेच्या विकारांकरितां पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दांत, बाण व शलाका; मांसांतील विकारांकरितां जांबवौष्ठ म्हणजे जांभळासारखें तोंड असलेलें उपकरण व इतर धातु; आणि शिरा, स्नायु, सांधे व अस्थि यांकरितां मध, गूळ व स्नेह. दाहाच्या आकृति चार : वलय, बिंदु, विलेखा व प्रतिसारण. भाजण्याच्या पायऱ्याही चार : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध. दाह योग्य झाला हें कशावरून ओळखावें, याचीं लक्षणेंही तेथें आहेत. त्वचा योग्य भाजली म्हणजे आवाज होतो, दुर्गंध येतो व कातडी आकसते. मांस योग्य भाजलें म्हणजे त्यास पारव्याचा रंग येतो व व्रण सुकून आकुंचित होतो. शिरा व स्नायु योग्य भाजले म्हणजे व्रण काळा व उंच दिसतो आणि स्राव थांबतो.

आणखी एक स्थळ दुसऱ्या टिपणकाराकरितां मुद्दाम नमूद करितों. अग्निकर्मास अयोग्य अशा रोग्यांची यादी त्याच अध्यायांत आहे व तींत पित्तप्रकृतीचा, दुर्बल, भित्रा, वृद्ध यांबरोबर बालकाचेंही नांव आहे. मेळघाटासारख्या भागांत अर्भकांच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग दिल्याचीं वृत्तें चालू शतकांतही प्रसिद्ध झालीं आहेत. त्या घातक रूढीचा बोजा सुश्रुताच्या माथीं मारणें अन्यायाचें आहे. ग्रंथानें ती स्पष्ट शब्दांनीं वर्ज्य केली आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वर सांगितलेलीं साधनें परस्परांहून कितीही निराळीं असलीं तरी त्या सर्वांचा मार्ग एकच आहे. वस्तु अग्नींत तापवावयाची, तापलेली देहास लावावयाची, व तिच्यांत सांठलेली उष्णता स्पर्शानें देहांत उतरवावयाची. शलाका अग्नींतून बाहेर निघाल्या क्षणापासून निवूं लागते. रक्तानें ओल्या झालेल्या जागीं तर ती फारच लवकर निवते. सबब ती आरंभीं हवी त्याहून अधिक तापवावी लागते व मग पुनः पुनः विस्तवांत घालावी लागते. दाहाची मात्रा ठरविण्याचा सर्व भार वैद्याच्या डोळ्यावर व हातावर राहतो.

२. तापलें लोखंड

हाच मार्ग इतर देशांतही दीर्घकाळ चालू होता. कॉर्डोव्हाजवळ राहणारा अरब शल्यवैद्य अल्‌-झहरावी (सुमारें इ. स. ९३६ ते १०१३) यानें आपल्या 'तस्रीफ' नांवाच्या तीस भागांच्या ग्रंथाचा अखेरचा भाग शस्त्रक्रियेस वाहिला असून त्याचा आरंभच दाहकर्मानें केला आहे, दाहक उपकरणांच्या आकृतिही तेथें काढून दाखविल्या आहेत. युरोपांत तोफबंदुकांच्या जखमांवर उकळतें तेल ओतण्याची वहिवाट पडली होती. १५३७ सालच्या इटलीतील मोहिमेंत फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाझ पारे याजवळील तेल संपलें, तेव्हां त्यानें साधें मलम लाविलें. दुसऱ्या दिवशीं मलम लाविलेले शिपाईच अधिक स्वस्थ आढळले. पुढें १५५२ च्या दांव्हिलेच्या वेढ्यांत अवयव छेदल्यावर डाग देण्याऐवजीं रक्तवाहिनी दोऱ्यानें बांधण्याची रीत त्यानें अवलंबिली. ही रीत सार्वत्रिक होण्यास बराच काळ लागला. तथापि मोठ्या वाहिनीस दोरा हाच खरा उपाय, ही गोष्ट तेव्हांपासून हळूहळू रूढ झाली. उरला प्रश्न बारीक वाहिन्यांचा. ज्या ठिकाणीं शेंकडों बारीक तोंडांतून रक्त पाझरतें, तेथें प्रत्येकीस दोरा बांधणें अशक्य. तेथें उष्णतेची गरज राहिलीच.

३. विजेनें तापविलेली तार

१८०० सालीं व्होल्टानें विद्युत्‌घट सिद्ध केला. प्रवाह जोरदार असला म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार त्यांत लाल होते, हें लवकरच ध्यानांत आलें, व ब्रेस्लाव येथील (हें शहर आतां पोलंडांत असून त्यास व्रोत्स्वाफ म्हणतात) शल्यवैद्य मिडेल्डोर्फ यानें १८५४ सालीं या तारेनें करावयाच्या शस्त्रक्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७६ च्या सुमारास पॅरिसच्या पाकेलिन यानें विजेवांचूनच पोकळ प्लॅटिनमचें टोंक तापत ठेवणारें उपकरण काढलें. रबरी फुग्यानें बेंझिनची वाफ त्यांत सोडीत राहिलें म्हणजे तें निवत नसे.

या दोन उपकरणांनीं शलाकेचा मोठा दोष दूर केला. तिला वारंवार विस्तवांत घालण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु मिडेल्डोर्फच्या तारेंतील वीज ही केवळ विस्तवाचें काम करते. ती एका जाड तारेनें येते, प्लॅटिनम तापविते व दुसऱ्या जाड तारेनें परत जाते. रोग्याच्या देहांत ती शिरतच नाहीं. देहास मिळते ती तापल्या धातूची उष्णता, म्हणजे सुश्रुताच्या शलाकेस जी मिळाली होती तीच. म्हणून या उपकरणास 'विजेनें तापविलेली शलाका' म्हणणें यथार्थ होय. नांवांत वीज आहे एवढ्यावरून यास पुढील प्रकारांत घालूं नये.

४. प्रवाह देहांत शिरतो

खरें स्थित्यंतर यानंतरचें आहे. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करिते. ती देहांतून गेली तर स्नायु आखडतात, हृदयाची लय बिघडते व मनुष्य दगावतो. मज्जातंतु व स्नायु यांस चेतना देण्यास विद्युत्कणांनीं एका दिशेस कांहीं काळ सरकावें लागतें. आवर्तनें अत्यंत जलद झालीं म्हणजे कण एका बाजूस सरकतो न सरकतो तोंच त्यास उलट फिरावें लागतें, व तंतूस चेतना मिळण्यापूर्वींच दिशा पालटते. फ्रेंच शास्त्रज्ञ द'आर्सोंव्हाल यानें १८९१ च्या सुमारास प्रयोगांनीं दाखविलें कीं, सेकंदास दहा हजारांहून अधिक आवर्तनांचा प्रवाह मनुष्यदेहांतून गेला तरी स्नायु आखडत नाहींत. उष्णता मात्र जाणवते. हल्लींचीं शस्त्रक्रियेचीं यंत्रें सामान्यतः कांहीं लक्ष आवर्तनांवर चालतात.

ही उष्णता कोठून येते? धातूच्या टोंकांतून नव्हे. टोंक स्वतः थंड असतें. यंत्र बंद ठेवून तें हातास लाविलें तर कांहींच होत नाहीं. प्रवाह देहांतून जातांना देहांतील द्रव्य त्यास जो अडथळा करितें, त्या अडथळ्यापायीं तेथल्या तेथें उष्णता उत्पन्न होते. ती उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा जूलचा १८४१ सालचा नियम होय. म्हणजे शलाकेच्या दाहांत उष्णता बाहेरून आंत येते. विद्युद्दाहांत ती मांसांतच जन्मास येते.

मग सर्व देह कां भाजत नाहीं, अशी शंका वाचकांस येईल. प्रवाह ज्या वाटेनें जातो ती वाट पूर्ण व्हावी लागते. यंत्रांतून निघालेला प्रवाह यंत्रांत परत आला पाहिजे. यासाठीं रोग्याच्या मांडीखालीं किंवा पाठीखालीं एक रुंद पट्टी ठेवितात. शल्यवैद्याच्या हातांतील टोंक सुईएवढें, परतीची पट्टी तळहाताहून मोठी. प्रवाह दोन्ही ठिकाणीं तेवढाच, परंतु एके ठिकाणीं तो चिंचोळ्या खिंडींत कोंडलेला व दुसऱ्या ठिकाणीं मैदानावर पसरलेला. उदाहरणार्थ, टोंकाचा व्यास २ मिलिमीटर धरिला तर त्याचें क्षेत्र सुमारें ३ चौरस मिलिमीटर. पट्टी १०० चौरस सेंटिमीटरची धरिली तर तिचें क्षेत्र १०,००० चौरस मिलिमीटर. प्रवाहाची दाटी टोंकापाशीं तीन हजारांहून अधिक पट झाली. उष्णता दाटीच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें तेवढ्याच मांसांत टोंकाशीं उपजणारी उष्णता पट्टीपाशीं उपजणाऱ्या उष्णतेच्या सुमारें एक कोटी पट होते. टोंकाशीं मांस जळतें आणि पाठीस कोंबटपणाही जाणवत नाहीं, याचें कारण हें गणित होय. पट्टी सुटून तिचा थोडाच कोपरा चिकटून राहिला तर हेंच गणित उलटतें व रोग्याची पाठ भाजते. म्हणून पट्टी नीट लागली आहे कीं नाहीं याची तपासणी अत्यंत आवश्यक मानितात.

या शोधाचा शस्त्रक्रियेंतील उपयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू झाला. १९०७ च्या सुमारास फ्रान्समध्यें लांब ठिणग्या पाडून गांठी जाळण्याची रीत निघाली. तिला लॅटिन भाषेंतील विजेच्या लखलखाटाच्या शब्दावरून 'फल्गुरेशन' असें नांव मिळालें. १९०९ सालीं दोयेन यानें परतीची वाट जोडून मांस खोलवर गोठविण्याची युक्ति सांगितली. १९१० सालीं न्यूयॉर्कच्या एडविन बीअर यानें मूत्राशयांतील गांठी पोट न उघडतां नळींतून तार घालून नष्ट केल्याचें प्रसिद्ध केलें. पाण्यानें भरलेल्या पोकळींत तापली शलाका नेणें निरर्थक ठरलें असतें. प्रवाह मात्र तेथें पोंचून काम करितो. शलाकेचा मार्ग व प्रवाहाचा मार्ग यांतील अंतर या एका उदाहरणानें स्पष्ट व्हावें.

५. बोस्टन, १९२६

या विद्येस सर्वमान्यता मिळाली ती मेंदूच्या शस्त्रक्रियेमुळें. मेंदू हा रक्तवाहिन्यांनीं भरलेला, मऊ, व दोऱ्याच्या गांठीचा ताण न सोसणारा अवयव. अमेरिकेंतील बोस्टन येथील पीटर बेंट ब्रिघम रुग्णालयाचे शल्यवैद्य हार्वे कुशिंग (१८६९ ते १९३९) यांनीं बारीक वाहिन्या दाबून धरण्यासाठीं १९११ सालींच रुप्याच्या चिमट्या काढिल्या होत्या. तथापि कित्येक गांठी इतक्या रक्तानें भरलेल्या असत कीं, त्यांस हात लावितांच शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागे. हार्वर्ड विद्यापीठांत विल्यम बोव्ही (१८८२ ते १९५८) नांवाचे गृहस्थ होते. त्यांचें मूळ शिक्षण वनस्पतिशास्त्राचें; परंतु प्रारणांचे जीवपेशींवर होणारे परिणाम अभ्यासतां अभ्यासतां त्यांनीं जलद आवर्तनांचें एक यंत्र सिद्ध केलें. कापण्यास एक प्रकारचा प्रवाह व रक्त गोठविण्यास दुसऱ्या प्रकारचा, अशी दुहेरी सोय त्यांत होती.

१ ऑक्टोबर १९२६ रोजीं कुशिंग यांनीं हें यंत्र प्रथम वापरिलें. रोग्याच्या मस्तकावर रक्तबहुल गांठ होती व कांहीं दिवसांपूर्वीं केलेला प्रयत्न रक्तस्रावामुळें अर्धवट सोडावा लागला होता. या वेळीं बोव्ही स्वतः यंत्रापाशीं होते, व गांठ काढितां आली. पुढें कुशिंग यांनीं पूर्वीं असाध्य म्हणून सोडून दिलेले रोगी परत बोलाविले आणि १९२८ सालीं आपला अनुभव बोव्ही यांच्या यंत्रवर्णनासह प्रसिद्ध केला. विजेनें कापणें व गोठविणें हें कुशिंग-बोव्हींनींच शोधून काढिलें असें लिहिलेलें कोठें कोठें आढळतें, तें बरोबर नाहीं. वर दिलेली परंपरा त्यांच्यामागें होती. त्यांचें श्रेय हें कीं, विखुरलेल्या युक्त्या एका विश्वसनीय यंत्रांत आल्या व सर्वांत कठीण क्षेत्रांत कसोटीस उतरल्या. अमेरिकेंत अशा यंत्रास अद्यापि नुसतें 'बोव्ही' असें म्हणतात.

६. मात्रा आणि धोके

कापणें व गोठविणें हीं दोन कामें एकाच टोंकानें कशीं होतात, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जीवपेशींतील उष्णमान साठ अंश सेंटिग्रेडच्या आसपास गेलें म्हणजे पेशी तत्काळ मरते व तिच्यांतील प्रथिनें अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें घट्ट होतात. शंभर अंशांस पेशींतील पाण्याची वाफ होते. दोनशेंच्या वर कोळसा होतो. प्रवाह अखंड सोडिला म्हणजे टोंकासमोरील पेशींतील पाणी एकदम वाफ होऊन पेशी फुटतात व टोंक मांसांतून पाऱ्यासारखें पुढें सरकतें, हें कापणें. प्रवाह तुटक तुटक सोडिला म्हणजे मधल्या विश्रांतींत उष्णता भोंवतालीं पसरते, वाफेचा स्फोट होत नाहीं, मांस सुकतें व रक्त गोठतें, हें गोठविणें.

येथें सुश्रुताच्या दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध या भेदांची आठवण होते. मात्रेचा प्रश्न विजेनें सुटला नाहीं; त्याचें स्वरूप बदललें. फार जाळलें म्हणजे वर काळी खपली धरते, ती टोंकास चिकटते, व टोंक उचलतांच खपली निघून पुनः रक्त वाहूं लागतें. मोठ्या धमनीस नुसता विद्युद्दाह पुरत नाहीं. तेथें पारेचा दोराच लागतो. शिवाय प्रवाह दूरच्या पट्टीकडे जातांना वाटेंतील नाजूक भागांस इजा करील ही भीति असते. तिच्या परिहारार्थ चिमट्याच्या दोन टोंकांपैकीं एकांतून प्रवाह सोडून दुसऱ्यांतून परत घेण्याची युक्ति निघाली. १९४० सालीं ग्रीनवुड यांनीं ती सांगितली व १९५० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या मॅलिस यांनीं ती पूर्णत्वास नेली. या प्रकारांत प्रवाह चिमट्यांत धरिलेल्या मांसापुरताच जातो व मोठ्या पट्टीची गरज राहत नाहीं. मेंदू व मज्जारज्जु यांवरील बारीक कामांत हाच प्रकार पसंत करितात. ईथरनें गुंगी देण्याचा काळ होता तेव्हां एका ठिणगीनें भडका उडण्याचें भय असे. ईथर मागें पडलें तरी स्पिरिटानें पुसलेली कातडी वाळली नसल्यास तें भय आजही आहे.

७. शब्द व कसोट्या

आतां शब्दांकडे वळूं. 'कॉटरी' हा शब्द जाळणें या अर्थाच्या ग्रीक धातूपासून निघाला असून मुळांत तो तापल्या लोखंडाचा वाचक होय. 'डायथर्मी' हा शब्द बर्लिनच्या नागेलश्मिट यानें १९०८ च्या सुमारास बनविला. त्याचा अर्थ 'आरपार उष्णता'. त्यांतील 'थर्म' हें पद व आपला संस्कृत 'घर्म' हे एकाच मूळचे, व त्या घर्मापासूनच मराठी 'घाम' आला आहे. आमच्याकडील शस्त्रक्रियागृहांत विजेच्या उपकरणास कोणी 'डायथर्मी' म्हणतात, कोणी 'कॉटरी'. बोलण्याच्या सोयीस तें चालेल. यादी करणारानें मात्र जपून राहिलें पाहिजे. कारण 'डायथर्मी' हा शब्द दुखणारा सांधा विजेनें शेकण्याच्या उपचारासही लावितात, व त्या उपचारांत मांस जाळण्याचा हेतु मुळींच नसतो.

पोथींतील मजकूर किंवा जुनें उपकरण हातीं आल्यास पुढील तीन प्रश्न विचारावे. एक : तापतें काय, वस्तु कीं देह? दोन : परतीची वाट आहे काय? तापल्या शलाकेस देहाचा एकच स्पर्श पुरतो. प्रवाहास जाण्याची व येण्याची अशा दोन वाटा लागतातच. ज्या मजकुरांत दुसऱ्या वाटेचा मागमूस नाहीं, त्यांत विद्युद्दाह शोधणें व्यर्थ होय. तीन : वस्तु पुनः पुनः तापवावी लागते काय? सुश्रुतसंहितेंतील अग्निकर्म या तिन्ही प्रश्नांस स्पष्ट उत्तर देतें. तें शलाकेचें दहन आहे, विजेचें नव्हे. यांत सुश्रुताचें कांहीं उणें होत नाहीं. रक्त थांबतें तें शिरा आकसल्यामुळें, दाह हा अखेरचा उपाय, त्याची मात्रा लक्षणांवरून ओळखावयाची, बालकास तो करावयाचा नाहीं, हें सर्व त्यानें जाणलें होतें. हें श्रेय पुरेसें मोठें आहे; न केलेल्या शोधाचें श्रेय त्यास चिकटविलें तर अभ्यासक मूळच्या खऱ्या श्रेयाविषयींही साशंक होतात.

विसाव्या शतकांतील उपकरणांकरितांही हेच प्रश्न उपयोगी पडतात. रबरी फुगा, बाटली व पोकळ टोंक आढळल्यास तें पाकेलिनच्या जातीचें समजावें. प्लॅटिनमचा फांस व त्यास दोन जाड तारा असल्यास ती विजेनें तापविलेली शलाका. पेटींत ठिणगी पडण्याकरितां समोरासमोर बसविलेलीं धातूचीं टोंकें, पायानें दाबावयाची कळ, व सोबत शिशाची किंवा अन्य धातूची रुंद पट्टी असल्यास तेंच खरें विद्युद्दाहाचें यंत्र. पट्टी बहुधा हरवलेली असते व पेटी निराळी नोंदलेली असते. म्हणून दोहोंचा शोध एकत्र करावा.

सारांश, यादींत 'अग्निकर्म', 'विजेनें तापविलेली शलाका' व 'विद्युद्दाह' अशीं तीन निरनिराळीं शीर्षकें ठेवावीं आणि एकाखालील वस्तु दुसऱ्याखालीं जाऊं देऊं नये, अशी आमची सूचना आहे. अग्निकर्माचीं सचित्र पानें अथवा जुन्या दवाखान्यांतील अशा उपकरणांच्या नोंदी कोणाच्या संग्रहीं असतील, तर त्यांनीं वरील तीन प्रश्नांचीं उत्तरें पानाच्या वर्णनासोबतच लिहून ठेवावीं. पुढील अभ्यासकाचे श्रम त्यानें पुष्कळ वांचतील.